आधी कल्चर, मग गोळी: गरोदरपणातला लघवीचा संसर्ग

लघवीच्या रिपोर्टवर 'पस सेल्स' म्हणजे पांढऱ्या पेशी '८ ते १०' असं दिसलं की बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर त्याच संध्याकाळी कुठलं तरी अँटिबायोटिक सुरू होतं. नाही तर घरातली मोठी माणसं म्हणतात, 'पोटात बाळ आहे, गोळ्या नकोत, पाणी भरपूर पी, जाईल आपोआप.' दोन्हीकडे नुकसान बाईचंच आहे. पहिल्यात गरज नसताना औषध जातं किंवा चुकीचं औषध जातं. दुसऱ्यात मूत्राशयातला साधा संसर्ग किडनीपर्यंत चढायला वाट मिळते.

गरोदरपणात चालणारी अँटिबायोटिक्स आहेत, चांगली आहेत आणि गरज असेल तेव्हा ती घ्यायलाच हवीत. त्यातलं कुठलं घ्यायचं हे तीन गोष्टींवर ठरतं: जंतू कोणता, संसर्ग कुठवर गेलाय आणि कितवा महिना चालू आहे. महिना तर माहीतच असतो. संसर्ग कुठे आहे हे लक्षणांवरून आणि तपासण्यांवरून कळतं. जंतू ओळखायची खरी संधी मात्र एकदाच मिळते, पहिली गोळी पोटात जाण्याआधी. एक-दोन डोस गेले की लघवीतले जंतू इतके कमी होतात की कल्चरमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीत, काही उगवत नाही, आणि त्या गोळीनं आराम पडला नाही तर पुढे सगळा अंदाजाचा खेळ होतो. म्हणून खूप जळजळ होत असेल आणि आजच औषध सुरू करायचं असेल, तरी आधी नमुना द्यायचा आणि मगच गोळी घ्यायची. त्यात पाच मिनिटं जातात, उपचाराला उशीर होत नाही.

गरोदरपणात हा संसर्ग वर का चढतो? प्रोजेस्टेरॉन या हार्मोनमुळे किडनीकडून मूत्राशयाकडे येणाऱ्या नळ्या सैलावतात. वाढणारं गर्भाशय त्यांना दाबतं, आणि ते सहसा थोडं उजवीकडे वळलेलं असल्यामुळे उजवी नळी जास्त फुगते. लघवी वाहण्याऐवजी साचून राहते. एरवी मूत्राशयातच राहिले असते असे जंतू या साचलेल्या लघवीतून वर जातात. म्हणून गरोदर बाईच्या किडनीचा संसर्ग उजव्या बाजूला जास्त दिसतो, आणि तोही बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीत.

यातला फसवा भाग म्हणजे काहीच लक्षण नसणं. साधारण २ ते १० टक्के गरोदर बायकांच्या लघवीत जंतू भरपूर असतात, पण जळजळ नाही, ताप नाही, कळ नाही. एरवी अशा मूक जंतूंना हात लावायचा नसतो, पण गरोदरपण हा ठळक अपवाद आहे. जुन्या अभ्यासांत उपचार न केलेल्या अशा बायकांपैकी पाव हिश्शाच्या आसपास बायकांना पुढे किडनीचा संसर्ग झाला होता. २०१५ साली नेदरलँड्समधून आलेल्या अभ्यासात हे प्रमाण बरंच कमी, २.४ टक्के निघालं. पण त्यात फक्त कमी जोखमीच्या, एकच बाळ पोटात असलेल्या बायका होत्या. मधुमेह असेल, आधी किडनीचा संसर्ग झालेला असेल, तर त्या आकड्यावर विसंबून राहू नये. पहिल्या भेटीत किंवा १२ ते १६ आठवड्यांच्या दरम्यान सगळ्यांचंच एकदा लघवीचं कल्चर करावं, नुसती साधी लघवी तपासणी नव्हे, असं माझं ठाम मत आहे.

आता नमुन्याबद्दल जरा सविस्तर, कारण निम्मा घोळ इथेच होतो.

प्रयोगशाळेत एक बारीक तारेचं कडं असतं, त्यात १ मायक्रोलिटर म्हणजे मिलिलिटरचा हजारावा भाग लघवी मावते. ते बुडवून जेलीसारख्या थराच्या ताटलीवर ओढतात आणि ताटली रात्रभर शरीराच्या तापमानाला ठेवतात. सकाळी प्रत्येक जिवंत जंतूच्या जागी एक ठिपका उगवलेला असतो. १०० ठिपके मोजले, तर एका मिलिलिटरमध्ये १०० गुणिले १०००, म्हणजे १ लाख जंतू. रिपोर्टवर दिसणारा १०चा पाचवा घात तो हाच. ही रेषा १९५०च्या दशकात एडवर्ड कास या अमेरिकी डॉक्टरांच्या कामातून आली. त्या ताटलीवर एकेक ठिपका हजाराने गुणला जातो, हे लक्षात आलं की त्वचेवरचे चार जंतू डबीत पडले तरी आकडा कसा बिघडतो ते समजतं.

म्हणून आधी हात धुवायचे. योनीमार्गाजवळची जागा साध्या पाण्यानं पुढून मागे धुवायची आणि टिपून घ्यायची. डेटॉलसारखं जंतुनाशक लावायचं नाही, ते डबीत उतरलं तर जंतू मरून रिपोर्ट खोटा चांगला येतो. एका हाताच्या दोन बोटांनी दोन्ही बाजूंची कातडी दूर धरायची आणि लघवी संपेपर्यंत तशीच धरून ठेवायची. पहिली धार सोडून द्यायची, मधली धार डबीत घ्यायची, शेवटची पुन्हा सोडायची. डबीच्या आत आणि झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लागू द्यायचं नाही. घरातली धुतलेली बाटली चालत नाही, प्रयोगशाळेची निर्जंतुक डबीच हवी. पोट मोठं झाल्यावर हे सगळं अवघड जातं, तेव्हा कुणाची मदत घ्यायला संकोच करू नये.

डबी २ तासांच्या आत पोचायला हवी. तसं जमणार नसेल तर फ्रिजमध्ये, खालच्या कप्प्यात. डीप फ्रीझरमध्ये नाही. तिथे २४ तास चालते. बाहेर उबदार जागी ठेवली तर काय होतं याचा हिशेब सोपा आहे. समजा मिलिलिटरला २,००० जंतू आहेत, म्हणजे फारसं काही नाही. ते दर अर्ध्या तासाला दुप्पट झाले तर ४ तासांत २५६ पट होतात, आणि रिपोर्टवर ५ लाख दिसतात. बाई निरोगी, डबी आजारी, आणि गोळ्या मात्र बाईला.

रिपोर्ट हातात आला की आधी बघा किती प्रकारचे जंतू उगवलेत. एकच जंतू आणि १ लाख किंवा जास्त संख्या, तर तो खरा मानायचा. तीन-तीन प्रकार मिसळून उगवले असतील तर तो बहुधा त्वचेचा कचरा, नमुना परत द्यायचा. साध्या तपासणीत 'एपिथेलियल सेल्स' म्हणजे कातडीच्या थरातल्या पेशी भरपूर असतील तर तीही भेसळीची खूण. गरोदरपणात अंगावरून पांढरं जास्त जातं, त्यातल्या पांढऱ्या पेशी लघवीत मिसळतात आणि 'पस सेल्स' वाढलेल्या दिसतात. नुसत्या पस सेल्सवर अँटिबायोटिक सुरू करण्यात म्हणूनच अर्थ नाही. लघवीत बुडवायच्या पट्टीच्या तपासणीत नायट्राइट हा जंतूंनी बनवलेला पदार्थ आला तर जंतूंची शक्यता बरीच पक्की, पण ते आलं नाही म्हणून जंतू नाहीत असं नाही. नायट्राइट तयार व्हायला लघवी मूत्राशयात ४ तास तरी राहावी लागते, गरोदर बाईला तेवढी उसंत कुठे मिळते? शिवाय एन्टेरोकोकस आणि ग्रुप बी स्ट्रेप्टोकोकस हे जंतू नायट्राइट बनवतच नाहीत.

बहुतेक वेळा जंतू ई. कोलाय निघतो, आतड्यातलाच. त्याखालोखाल क्लेब्सिएला, प्रोटियस वगैरे. रिपोर्टवर जंतूच्या नावाखाली औषधांची यादी आणि प्रत्येकापुढे 'एस' किंवा 'आर' असतं. 'आर' म्हणजे जंतू त्या औषधाला दाद देत नाही. 'एस' म्हणजे ते औषध ताटलीवर त्या जंतूला मारतं, एवढंच. पोटात बाळ आहे हे ताटलीला माहीत नसतं. त्या यादीत सिप्रोफ्लॉक्सॅसिनपुढे 'एस' असेल, डॉक्सीसायक्लिनपुढेही असेल, पण गरोदर बाईला ती सहसा देत नाहीत. सिप्रोच्या गटामुळे प्राण्यांमध्ये सांध्यांच्या कुर्च्यांना इजा दिसली होती. डॉक्सीच्या गटामुळे चौथ्या-पाचव्या महिन्यानंतर बाळाच्या दातांवर कायमचे डाग पडू शकतात. जुन्या रिपोर्टवर बोट ठेवून स्वतःच दुकानातून औषध आणणं म्हणूनच धोक्याचं. खाली जे डोस लिहिलेत ते आपली चिठ्ठी समजून घेण्यासाठी, स्वतः औषध ठरवण्यासाठी नाहीत.

संसर्ग मूत्राशयापुरता असेल किंवा मूक असेल, तर सगळ्यात जास्त वापरात असलेलं औषध नायट्रोफ्युरँटॉइन. ते रक्तात फारसं साठत नाही, थेट लघवीत उतरतं, आणि इतकी वर्षं वापरूनही ई. कोलाय त्याला बऱ्यापैकी दबून आहे. त्याच गुणामुळे ते किडनीच्या संसर्गावर निरुपयोगी ठरतं, कारण किडनीच्या मांसात त्याची पुरेशी मात्रा पोचतच नाही. ताप आणि कुशीत दुखणं असताना हे औषध चालू असेल तर डॉक्टरांना लगेच विचारा.

याचे दोन प्रकार मिळतात आणि गोंधळ नेहमीचा आहे. हळूहळू विरघळणारी १०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, ५ ते ७ दिवस. साधी कॅप्सूल ५० किंवा १०० मिलिग्रॅमची, दिवसातून चार वेळा. साधी कॅप्सूल दोनदाच घेतली तर मधल्या तासांत लघवीतलं औषध उतरतं आणि उरलेले जंतू पुन्हा डोकं वर काढतात. चिठ्ठीवरचा प्रकार आणि हातातलं पाकीट जुळतंय ना, ते दुकानातच बघून घ्यावं. जेवणासोबतच घ्यायचं, त्यानं मळमळ कमी होते आणि औषध चांगलं शोषलं जातं. लघवी गडद पिवळी किंवा तपकिरी झाली तर घाबरायचं कारण नाही, तो औषधाचाच रंग. मॅग्नेशियम ट्रायसिलिकेट असलेलं अँटासिड त्यासोबत नको. आणि जळजळ कमी करायला दिलं जाणारं ते गोडसर सायट्रेटचं सिरप? ते लघवी अल्कधर्मी करतं, आणि नायट्रोफ्युरँटॉइनचा जोर आम्लधर्मी लघवीत जास्त असतो. सिरपनं जळजळ शमते पण जंतू मरत नाहीत, आणि या औषधासोबत ते घेणं म्हणजे एका हातानं दिलं आणि दुसऱ्यानं काढून घेतलं. प्रोटियस जंतूवर हे औषध चालतच नाही, तिथे दुसरं शोधावं लागतं.

महिन्याचा मुद्दाही इथे येतो. पहिल्या तिमाहीत काही अभ्यासांत या औषधाचा जन्मजात दोषांशी संबंध दिसला, काहींत दिसला नाही. म्हणून त्या काळात दुसरं योग्य औषध असेल तर ते घ्यावं. नसेल तर संसर्ग तसाच ठेवण्यापेक्षा हे घेणं बरं. दिवस भरत आल्यावर, साधारण ३८ आठवड्यांपासून पुढे, ते टाळतात. नवजात बाळाच्या तांबड्या पेशींमध्ये त्याला तोंड देणारी यंत्रणा अजून कच्ची असते आणि पेशी फुटून कावीळ होऊ शकते. आईला 'जी-सिक्स-पीडी' या एन्झाइमची कमतरता असेल तर कुठल्याच महिन्यात नको. औषध चालू असताना नवा कोरडा खोकला, धाप, ताप असं काही आलं तर थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. क्वचित होतं, पण होतं.

फॉस्फोमायसिनची ३ ग्रॅमची पुडी एकदाच घ्यायची असते. अर्धा ग्लास गार पाण्यात, गरम पाण्यात नाही, पूर्ण विरघळवून लगेच प्यायची. रिकाम्या पोटी, शक्यतो रात्री झोपण्याआधी लघवीला जाऊन आल्यावर, म्हणजे औषध रात्रभर मूत्राशयात थांबतं. पुडी एकच असली तरी आराम पडायला दोन-तीन दिवस लागतात, त्यामुळे दुसऱ्या दिवशी 'लागू पडली नाही' म्हणून परत घेऊ नये. हीसुद्धा किडनीच्या संसर्गासाठी नाही.

सिफॅलेक्सिन २५० ते ५०० मिलिग्रॅम दर ६ तासांनी, सेफपोडॉक्सिम १०० मिलिग्रॅम दर १२ तासांनी, अमॉक्सिसिलिन ५०० मिलिग्रॅम दर ८ तासांनी, ही सगळी ५ ते ७ दिवस. पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन गटातल्या औषधांचा गरोदरपणातला अनुभव खूप मोठा आणि दिलासा देणारा आहे. फक्त ई. कोलाय अमॉक्सिसिलिनला आता इतका सरावलाय की कल्चरमध्ये 'एस' दिसल्याशिवाय ते द्यायला नको. सेफपोडॉक्सिम आणि सेफ्युरॉक्सिम जेवणासोबत घ्यावीत. ॲसिडिटीच्या गोळ्यांमुळे ती कमी शोषली जातात, आणि गरोदरपणात त्या गोळ्या घरोघरी चालू असतात, म्हणून हे डॉक्टरांना आवर्जून सांगावं. पेनिसिलिनची ॲलर्जी आहे असं म्हणताना नेमकं काय झालं होतं तेही सांगा. पोट बिघडणं ही ॲलर्जी नव्हे. अंगावर गांधी उठणं, ओठ-घसा सुजणं, दम लागणं ही ॲलर्जी. चुकीचा शिक्का बसला तर चांगल्या औषधांचं अख्खं कपाट बंद होतं.

को-ट्रायमोक्सॅझोल हे ट्रायमेथोप्रिम आणि सल्फाचं जोडऔषध. ट्रायमेथोप्रिम फॉलिक ॲसिडच्या वाटेत आडवं येतं, आणि बाळाचा मेंदू-मज्जारज्जू ज्या नळीतून बनतो ती पहिल्या तिमाहीतच बंद होते, म्हणून तेव्हा टाळतात. सल्फामुळे नवजाताच्या कावीळीचा धोका वाढू शकतो, म्हणून शेवटच्या आठवड्यांत टाळतात. मधल्या काळात गरज पडली तर चालतं.

गोळी घेतल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली, गोळी बाहेर दिसली, तर डॉक्टरांना विचारून डोस परत घ्यावा. प्रत्येक डोस उलटून पडत असेल तर गोळ्यांवर अवलंबून राहता येत नाही, सलाइनमधून औषध द्यावं लागतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जळजळ थांबते, आणि पाकिटातल्या उरलेल्या गोळ्या पडून राहतात. असं करू नये. ठरवलेले दिवस पुरे करायचे. अँटिबायोटिकनंतर योनीमार्गात खाज आणि दह्यासारखा स्राव सुरू झाला तर ती बुरशी. तिला योनीत ठेवायच्या क्लोट्रिमॅझोलच्या गोळ्या ७ दिवस देतात. तोंडानं घ्यायची फ्लुकोनॅझोल स्वतःहून घेऊ नये.

किडनीपर्यंत संसर्ग गेला की सगळं चित्रच बदलतं. हुडहुडी भरून ३८ अंश सेल्सिअसच्या वर ताप, बरगडीच्या खाली मागच्या बाजूला, बहुधा उजवीकडे, हात लावला तरी कळ, मळमळ, उलट्या. जळजळ असेलच असं नाही. कंबरदुखी गरोदरपणात नेहमीची असते, पण तिच्यासोबत थंडी वाजून ताप आला तर सकाळची वाट बघायची नाही. तापासोबत पोट थांबून थांबून कडक होत असेल तर अकाली कळाही असू शकतात. तापाला पॅरासिटामॉल चालतं. आयब्युप्रोफेन नको, विशेषतः २० आठवड्यांनंतर, कारण त्यानं गर्भजल कमी होऊ शकतं.

दवाखान्यात दाखल करून लघवीचं कल्चर, रक्त आणि किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन बघतात. क्रिएटिनिन १.० आलं तर छापलेल्या मर्यादेत दिसेल, पण गरोदरपणात ते ०.४ ते ०.८च्या आसपास असतं, त्यामुळे हा आकडा नजरेआड करू नये. सेफ्ट्रायॅक्सोन १ ते २ ग्रॅम शिरेतून दिवसातून एकदा ही नेहमीची सुरुवात. नेहमीच्या औषधांना दाद न देणारा, 'ईएसबीएल' शिक्क्याचा जंतू असेल तर मेरोपेनेम. ताप उतरून २४ ते ४८ तास झाले की कल्चरप्रमाणे गोळ्या, आणि शिरेतले दिवस धरून एकूण १० ते १४ दिवस. सलाइन हवंच, पण मोजून. या आजारात फुप्फुसांत पाणी साचण्याची भीती असते, म्हणून श्वासाचा वेग आणि ऑक्सिजन बघत राहावं लागतं. ४८ ते ७२ तासांत ताप हटला नाही तर औषध बदलण्याआधी सोनोग्राफी करून खडा, अडथळा किंवा गळू नाही ना ते बघायला हवं. वाट अडली असेल तर कितीही भारी औषध दिलं तरी उपयोग होत नाही.

कोर्स संपल्यावर आठवड्याने अनेक डॉक्टर परत कल्चर करायला सांगतात. बरं वाटतंय म्हणून ते टाळू नये, मूक जंतू मुळात 'बरं वाटतंय' असंच सांगतात. किडनीचा संसर्ग एकदा झाला किंवा मूत्राशयाचा पुन्हा पुन्हा झाला, तर रात्री झोपताना नायट्रोफ्युरँटॉइन ५० ते १०० मिलिग्रॅम किंवा सिफॅलेक्सिन २५० ते ५०० मिलिग्रॅम असा छोटा डोस बाळंतपणानंतर ४ ते ६ आठवड्यांपर्यंत देतात. नायट्रोफ्युरँटॉइन चालू असेल तर ३८ आठवड्यांच्या सुमारास ते बदलायचं, हे विसरायला सोपं आहे, म्हणून तारीख फाइलवर लिहून ठेवावी.

आणि कल्चरमध्ये ग्रुप बी स्ट्रेप्टोकोकस उगवला असेल, तर संख्या कितीही कमी असो, तो कागद जपून ठेवायचा. संख्या १ लाखाच्या वर असेल किंवा त्रास होत असेल तर लगेच गोळ्या देतात, पण त्यानं हा जंतू योनीमार्गातून जात नाही आणि जन्मताना बाळाला लागू शकतो. म्हणून प्रसूतीच्या कळा सुरू झाल्या की शिरेतून पेनिसिलिन द्यावं लागतं, बाळ जन्मण्याच्या निदान ४ तास आधी सुरू केलेलं उत्तम. तिसऱ्या महिन्यात आलेला रिपोर्ट नवव्या महिन्यात रात्री दोन वाजता ड्यूटीवरच्या डॉक्टरांना दिसायला हवा, तेव्हा तो फाइलच्या पहिल्या पानावर लावा आणि दाखल होताना तोंडानंही सांगा.